डोके दुखते ते चढताना नव्हे, उतरताना

आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे निघालेल्या एस. टी.तील प्रवाशांना कानाला दडे बसणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. घाट निम्मा उतरला की आवाज दबतो, कानात कोणी बोळा कोंबल्यासारखे वाटते. मग एखादी जांभई येते, ‘टक्’ असा आवाज होऊन कान मोकळा होतो आणि साखरप्याला पोचेपर्यंत आपण ते विसरूनही जातो. विमानातही नेमके हेच घडते. फक्त विमानाचा घाट फार मोठा असतो आणि तो वाटेत गाडी थांबवून उतरता येत नाही.

हा विषय आज घेण्याचे कारण असे की, आपल्या शिरोळ तालुक्यातील माणसाला विमान आता परके राहिलेले नाही. २०१८ पासून ‘उडान’ योजनेखाली कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून पुन्हा विमाने सुटू लागली आणि २०१९ मध्ये तिरुपतीसाठीही विमानसेवा सुरू झाली. जयसिंगपुरातील व्यापारी, ऊस उत्पादक शेतकरी, बंगळुरूला किंवा परदेशी नोकरीस असलेल्या मुलांचे आईवडील असे कितीतरी जण साठीनंतर आयुष्यात प्रथमच विमानात बसतात. जाण्याआधी ते दवाखान्यात येतात, रक्तदाब तपासून घेतात, साखर बघतात, गुडघ्याच्या गोळ्या मागतात. ‘डॉक्टर, मला सर्दी आहे, विमानात बसू का?’ असे मात्र जवळजवळ कोणीच विचारत नाही. माझ्या मते प्रवासापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे.

विमानात हवेचा दाब किती असतो?

प्रवासी विमान ३५,००० फुटांवर उडत असते तेव्हा बाहेर हवा इतकी विरळ असते की माणूस शुद्धीवर राहू शकणार नाही. म्हणून विमानात यंत्राने दाब राखला जातो. पण हा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. साधारणपणे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर जेवढा दाब असतो, तेवढा तो ठेवतात. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फुटांचे. म्हणजे विमानात बसलेला माणूस, दाबाच्या हिशेबाने, कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेला असतो.

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो. ८,००० फुटांवर तो सुमारे ५६५ होतो. दाब कमी झाला की बंदिस्त हवा फुगते आणि दाब वाढला की आक्रसते, हे आपण शाळेत बॉइलच्या नियमात शिकलो. याचा पुरावा विमानातच मिळतो. वर असताना बिस्किटाचा पुडा टम्म फुगतो. वर असताना रिकामी करून घट्ट बूच लावलेली पाण्याची बाटली उतरल्यावर चेपून जाते. आपल्या डोक्यातही अशाच हवेच्या काही पोकळ्या आहेत. त्या बाटलीसारख्या चेपू शकत नाहीत, कारण त्यांच्या भिंती हाडाच्या आहेत. मग ताण येतो तो आतल्या नाजूक अस्तरावर, आणि तेच दुखते.

हा दाब राखला गेला नाही तर काय होते, हे २० सप्टेंबर २०१८ रोजी दिसले. मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात उड्डाणानंतर दाब राखणारी कळ चालू करायची राहून गेली. विमानात १६६ प्रवासी होते. त्यांपैकी सुमारे ३० जणांच्या नाकातून किंवा कानातून रक्त आले, अनेकांचे डोके असह्य दुखू लागले. प्राणवायूचे मुखवटे खाली आले आणि विमान मुंबईला परतले. ती कंपनी २०१९ मध्ये बंद पडली. पण त्या सकाळी साऱ्या देशाला कळले की नाक आणि कान यांचा विमानाशी किती जवळचा संबंध आहे. ही घटना अपवादात्मक होती, म्हणून तिची बातमी झाली. सर्दी झालेल्या प्रवाशाच्या बाबतीत मात्र विमानातील यंत्रणा अगदी ठाकठीक चालू असतानाही त्याच जातीचा त्रास होतो. त्याची बातमी होत नाही, कारण तो एकटाच कपाळ धरून बसलेला असतो.

कानाचे दुखणे

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्णाची हवेने भरलेली पोकळी असते. तेथून नाकाच्या मागच्या बाजूला एक बारीक नळी जाते. तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. विमान वर चढताना मध्यकर्णातील हवा फुगते आणि या नळीतून आपोआप बाहेर पडते. म्हणून चढताना फारसा त्रास होत नाही. उतरताना उलटे घडते. बाहेरचा दाब वाढत जातो, आत हवा शिरायला हवी असते, पण नळीचे तोंड मिटलेले असते. ते आपण गिळतो, जांभई देतो किंवा जबडा हलवतो तेव्हाच स्नायूंच्या ओढीने क्षणभर उघडते.

येथे एक आकडा ध्यानात ठेवावा. आतल्या आणि बाहेरच्या दाबातील फरक पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत गेला, तर नळीचे तोंड इतके घट्ट चिकटते की मग गिळूनही ते उघडत नाही. ८,००० फुटांच्या दाबावरून ४,००० फुटांच्या दाबावर येईपर्यंत कान एकदाही मोकळा झाला नाही, तर हा फरक पडतो. म्हणजे उतरण्याच्या पहिल्या निम्म्या भागातच कान मोकळे करीत राहावे लागते. बहुतेक प्रवासी नेमके त्याच वेळी झोपलेले असतात आणि चाके धावपट्टीला टेकता टेकता कळवळून जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो.

सायनसचे दुखणे

कपाळात, गालांत, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आणि त्यांच्या मागे कवटीच्या हाडांत ज्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. प्रत्येक सायनस एका लहानशा वाटेने नाकात उघडतो. निरोगी माणसात या वाटेने हवा सहज ये-जा करते. सर्दी, ॲलर्जी, नाकातील मांसवृद्धी किंवा नाकाचा पडदा फार वाकडा असणे यांमुळे ती वाट सुजून बंद झाली, की उतरताना आत पोकळी निर्माण होते. अस्तर ओढले जाते, सुजते, क्वचित त्यातून रक्तही येते. कपाळातल्या सायनसची वाट सर्वांत लांब आणि अरुंद असल्याने दुखते ते बहुधा भुवईच्या वर. गालातला सायनस असेल तर वरच्या दाढा ठणकतात आणि माणूस दात दुखतोय असे समजतो.

कान आणि सायनस यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कानाच्या नळीला उघडणारे स्नायू आहेत. सायनसच्या वाटेला असा एकही स्नायू नाही. म्हणूनच चघळणे, गिळणे, जांभई देणे हे उपाय कानाला लागू पडतात, कपाळाला पडत नाहीत. गेल्या हिवाळ्यात ऊसतोडीच्या दिवसांत एक शेतकरी माझ्याकडे आले. पंधरा दिवस नाक चोंदलेले, त्यात फडाचा धूर आणि पहाटेचे धुके. तशाच अवस्थेत ते लेकीकडे विमानाने जाऊन आले. म्हणाले, “उतरताना कपाळात कुणी खिळा ठोकतंय असं झालं बघा, डॉक्टर. शेजारच्यानं चॉकलेट दिलं. ते चघळून दाढ दुखायला लागली, पर कपाळ काय सुटंना.” त्यांच्या एका वाक्यात या लेखातले निम्मे शास्त्र आले आहे. औषध बरोबर होते, पण ते कानाचे होते. त्यांचे दुखणे सायनसचे होते.

तिसरे दुखणे : विमानाची डोकेदुखी

काही जणांना ना सर्दी असते, ना सायनसचा विकार. तरीही विमान उतरू लागले की एका बाजूला, डोळ्याच्या आसपास, सुरा खुपसल्यासारखी जीवघेणी कळ येते आणि विमान उतरल्यावर अर्ध्या तासात ती निघून जाते. वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णाची पहिली नोंद २००४ साली झाली आणि २०१३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान मिळाले. ही पुरुषांत, त्यातही तरुणांत अधिक आढळते. ती भयंकर वाटली तरी बहुतेकांना तिच्यापासून कायमची इजा होत नाही. मात्र असा झटका पहिल्यांदाच आला असेल, तर स्वतःच निदान करून मोकळे होऊ नये. सायनसचा आणि मेंदूचा दुसरा आजार नाही ना, हे डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे. निदान पक्के झाले की पुढच्या प्रवासापूर्वी साधी वेदनाशामक गोळी घेऊन पुष्कळांना आराम पडतो. ती कोणती आणि केव्हा घ्यायची, हे पोटाचे आणि मूत्रपिंडाचे विकार पाहून डॉक्टरच ठरवतील.

उपाय कोणते?

कानासाठी : विमान उतरू लागल्याची सूचना झाली की जागे राहावे. दर मिनिटाला एक-दोन वेळा गिळावे. त्यासाठी घोट घोट पाणी प्यावे किंवा गोळी चघळावी. नाक चिमटीत धरून घोट गिळणे हाही चांगला उपाय आहे. तरीही दडा सुटला नाही तर तोंड मिटून, नाक चिमटीत धरून, गालांत हवा भरून अगदी हलकेच फुंकर द्यावी. इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ वालसाल्वा यांनी ही युक्ती १७०४ साली वर्णिली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. यात जोर लावू नये. शंख फुंकल्यासारखा जोर लावल्यास कानाच्या आतल्या भागाला इजा होऊ शकते आणि नाक शेंबडाने भरलेले असेल तर तो संसर्ग कानात ढकलला जातो.

तान्ह्या मुलांना उतरताना अंगावर किंवा बाटलीने दूध पाजावे. पाजताना डोके वर राहील असे धरावे. मूल रडू लागले तर शेजाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. रडताना कानाची नळी उघडते. ते त्याच्या परीने कान मोकळा करीत असते.

सायनससाठी : येथे सूज उतरवणे हाच खरा उपाय. ज्यांना धुळीची, परागकणांची ॲलर्जी आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकातील स्टिरॉइडचा फवारा प्रवासाच्या काही दिवस आधीपासून सुरू करावा. निघायच्या दिवशी मारलेल्या एका फवाऱ्याने काही होत नाही. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याने, म्हणजे आपल्या जलनेतीने, चिकट शेंबूड निघून जातो. पाणी मात्र उकळून निववलेलेच हवे.

नाक मोकळे करणारे झायलोमेटॅझोलिन किंवा ऑक्सिमेटॅझोलिन यांचे थेंब वा फवारा विमानात चढण्यापूर्वी अर्धा तास वापरल्यास सायनसची वाट काही तास मोकळी राहण्यास मदत होते. मुंबई-हैदराबादसारख्या लहान प्रवासाला तेवढे पुरते. लांबच्या प्रवासात उतरण्याच्या तासभर आधी पुन्हा वापरावे लागू शकते. हे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत. तसे केले तर नाक त्यांच्या आधीन होते आणि थेंबांशिवाय उघडेनासे होते. मग तो नवाच रोग होऊन बसतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध वापरू नये.

औषधाच्या दुकानात ‘सर्दीची गोळी द्या’ म्हणून जी मिळते, तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. अशा पुष्कळ गोळ्यांत फिनाइलएफ्रिन हे द्रव्य असते. ते पोटातून घेतल्यास नाक मोकळे करण्यास उपयोगी पडत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने दिला. त्याच गोळीत झोप आणणारे औषधही असले तर दुहेरी नुकसान. नाक उघडत नाही आणि उतरताना माणूस जागाही राहत नाही.

काही समजुती

कानात कापसाचे बोळे घातल्याने दाब अडत नाही. हवा बोळ्यातून जातेच. पुदिन्याच्या अर्काचा मलम नाकाला लावला की थंड वाटते आणि नाक उघडल्याचा भास होतो, पण सूज जागच्या जागी असते. ओव्याची पुरचुंडी हुंगणे, वाफ घेणे यांनी घरात बरे वाटते, ते जरूर करावे. पण विमानातील दाबापुढे तेवढ्यावर विसंबू नये. वाफ घेताना गरम पाण्याचे पातेले मुलांपासून दूर ठेवावे. विमानात मिळते म्हणून मद्य घेणे तर टाळावेच. त्याने नाकाचे अस्तर आणखी फुगते आणि झोप लागते ती वेगळीच.

सर्दी म्हणजे किरकोळ आजार नव्हे

आता माझे मत स्पष्टच सांगतो. नाक पूर्ण चोंदले असेल, कपाळ आधीच ठणकत असेल, ताप असेल किंवा कान वाहत असेल, तर वर सांगितलेले सर्व उपाय दुय्यम आहेत. पहिला उपाय म्हणजे त्या दिवशी विमानात न बसणे. वैमानिकाला प्रशिक्षणातच शिकवतात की सर्दीने नाक-कान बंद असताना विमान चालवू नये. ज्या कारणासाठी वैमानिक घरी थांबतो, त्याच कारणासाठी प्रवाशाने थांबावे, तर त्याला कोणी तसे सांगतही नाही. तो बिचारा तिकिटाचे पैसे बुडतील म्हणून नाक पुसत विमानात चढतो आणि कानाचा पडदा दुखावून घेऊन परततो.

पैशांचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. सहा महिने आधी काढलेले स्वस्त तिकीट ऐन वेळी रद्द केले तर त्यातली मोठी रक्कम जाते. सर्वसामान्य कुटुंबाला ते परवडत नाही. म्हणूनच सगळा भार एकट्या प्रवाशावर टाकून चालणार नाही. डॉक्टरांचा दाखला असेल तर दंड न घेता तारीख पुढे ढकलून द्यावी, असा नियम विमान कंपन्यांनी करावा. खोटे दाखले येतील, अशी शंका कोणी काढील. येतीलही थोडे. पण काही खोट्या दाखल्यांच्या भीतीने खऱ्या रुग्णाला दुखणे सोसायला लावणे हा कुठला न्याय?

ज्या गोष्टींना पैसा लागत नाही, त्या तर उद्यापासून करता येतील. तिरुपतीची किंवा काशीची यात्रा काढणाऱ्या आयोजकांनी ओळखपत्राची प्रत मागताना ‘सर्दी, कानाचा आजार, नाकाची वा कानाची अलीकडची शस्त्रक्रिया आहे का?’ एवढे विचारावे. विमान उतरू लागते तेव्हा पट्टे बांधण्याची, खुर्ची सरळ करण्याची, खिडकी उघडण्याची सूचना होते. तिच्यातच ‘झोपलेल्यांना उठवा, पाणी प्या, बाळांना पाजा’ हे एक वाक्य वाढवावे आणि कोल्हापूरला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत ते मराठीतही सांगावे. आम्ही डॉक्टरांनीही प्रवासाला निघालेल्या रुग्णाचा रक्तदाब पाहून झाल्यावर एकदा त्याच्या नाकात आणि कानात डोकावावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उतरल्यावर कानातील दडा बहुधा काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत सुटतो. तेवढ्यात सुटला नाही, ऐकू कमी येऊ लागले, कानातून रक्त किंवा पाणी आले, चक्कर येऊ लागली, कपाळाचे दुखणे वाढून ताप आला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवावे. सांगली-मिरज आपल्यापासून किती दूर आहे? कानात तेल मात्र घालू नये. पडदा फाटला असेल तर तेल थेट आत जाते. परतीचे तिकीट तोंडावर असेल तर तपासणी झाल्याशिवाय पुन्हा विमानात बसू नये. आणि एकाएकी कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखले, बोलणे अडखळले, हात-पाय लुळा पडला किंवा दिसणे अंधुक झाले, तर त्याचा दोष विमानाला देत वेळ घालवू नये. ते वेगळे आणि गंभीर लक्षण आहे. तडक मोठ्या रुग्णालयात जावे.

विमानप्रवास हा आता चैनीचा विषय राहिलेला नाही. आपल्या गावचा माणूस लेकीच्या बाळंतपणाला, देवदर्शनाला, उपचाराला विमानाने जाऊ लागला ही आनंदाचीच गोष्ट आहे. पिशवीत लोणच्याची बरणी आणि भडंगाचा पुडा आठवणीने भरणाऱ्या घरातील मंडळींनी निघण्यापूर्वी एवढेच पाहावे की जाणाऱ्याच्या दोन्ही नाकपुड्यांतून वारा मोकळा वाहतो आहे. वाहत असेल तर खुशाल जावे आणि उतरताना जागे राहावे. वाहत नसेल तर दोन दिवस थांबावे. तिकीट पुन्हा काढता येते, कानाचा पडदा बाजारात मिळत नाही.